तेल लावून झालं, आता अंग हलवा

पाठ धरली की घराघरात दोन पंथ पडतात. एक म्हणतो, तेल गरम करा, चोळून द्या. दुसरा म्हणतो, चोळून काय होतंय, व्यायाम करा. पहिला पंथ व्यायाम करत नाही. दुसरा पंथ अंगाला कोणाचा हात लागू देत नाही. महिनाभराने दोघेही पुन्हा कमरेवर हात ठेवून उभे असतात.

माझं तुम्हाला सांगणं सोपं आहे. या दोन गोष्टींची ताटातूट करू नका. ज्या दिवशी मालिश, त्याच दिवशी व्यायाम. जमलं तर त्याच सतरंजीवर, तेलाचा हात पुसायच्या आत. आणि तो व्यायाम टीव्हीकडे बघत उरकलेला नको. अंगात काय होतंय तिकडे लक्ष देऊन, सावकाश केलेला हवा.

चोळल्याने नेमकं काय होतं, ते आधी समजून घ्या. कुठे दुखायला लागलं की भोवतीचे स्नायू ती जागा आवळून धरतात. शरीर आपल्या परीने ती जपत असतं. उबदार, भरवशाचा हात पडला की ही आवळण सैल होते. दुखणं काही तास, कधी दोन-चार दिवस उतरतं. एवढंच होतं. पण पाठ धरलेल्या माणसाला एवढंही कमी नसतं.

हाड मात्र जागेवर ‘बसत’ नाही. कारण बहुतेक वेळा ते जागेवरून हललेलंच नसतं. ‘मणका सरकलाय, एका झटक्यात बसवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर नमस्कार करा आणि घरी या. मणक्यांमधली गादी सरकली म्हणतात, तीही कोणाच्या अंगठ्याने आत ढकलली जात नाही. तिचं दुखणं बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत हळूहळू ओसरतं. ‘गाठ फोडली’ हेही तसंच. बोटाला लागते ती बहुधा आवळलेल्या स्नायूची जागा असते. ती फुटत नाही. सैल होते.

आता ती सैल झाली. पुढे तुम्ही काय करता? उठता, चहा घेता आणि पोक काढून मोबाईल बघत बसता. अंगाला जुनी सवय पक्की ठाऊक असते. संध्याकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं.

त्याऐवजी त्या सैल वेळात दहा-पंधरा मिनिटं नीट हललात, तर गोष्ट वेगळी होते. जी हालचाल सकाळी दुखत होती ती आता कमी दुखते. ही जागा हलवली तरी काही बिघडत नाही, याचा अंगाला भरवसा येतो. उद्या ते थोडं कमी आवळतं. परवा आणखी थोडं. मालिशीचा खरा उपयोग हाच आहे. ती वेळ मिळवून देते. त्या वेळेचं काय करायचं, ते तुमच्या हातात.

यात मी नवं काही सांगत नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा क्रम दिलेला आहे. आधी अभ्यंग, मग व्यायाम, व्यायामानंतर पुन्हा अंग चोळणं, मग उटणं, मग आंघोळ. व्यायामही अर्ध्या ताकदीचा सांगितलाय, जीव जाईपर्यंतचा नाही. आपण त्यातलं दिवाळीच्या पहाटेचं तेल-उटणं तेवढं ठेवलं आणि मधला व्यायाम सोयीने गाळला! कोल्हापूरच्या तालमींनी मात्र तो गाळला नाही. जोर-बैठका, लाल मातीतली लढत आणि पैलवानांनी एकमेकांची केलेली मालिश, हे तिथे एकाच दिवसाचं काम आहे. नुसतीच मालिश करून घेणाऱ्या पोराला वस्ताद तालमीत ठेवणार नाही.

‘पण विज्ञान काय म्हणतं?’ असं विचारणारं एक तरी माणूस हल्ली घरात असतं. त्याच्यासाठी एक अभ्यास सांगतो. पण त्यातली पद्धत आधी ओळखून घ्या. टास्मानियात जन्मलेला फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर नावाचा एक नट होता. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसायचा. त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःला न्याहाळलं. तेव्हा दिसलं, की तोंड उघडायच्या आधीच आपण मान मागे खेचतो. ती खोड त्याने सोडवली आणि पुढे इतरांना शिकवायला लागला. त्याच्या पद्धतीत शिक्षक तुमच्या मानेवर, पाठीवर हलका हात ठेवतो. तुम्ही नुसते उठता, बसता, चालता. हात सांगतो, कुठे उगाच आवळताय.

२००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेले ५७९ लोक त्यात होते. काहींना मालिश दिली, काहींना अलेक्झांडर पद्धतीचे सहा धडे, काहींना चोवीस. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना वर व्यायामही सांगितला, मुख्यतः चालण्याचा. मालिशवाल्यांना तीन महिन्यांपर्यंत बरं वाटलं. वर्षभराने त्यातलं फारसं उरलं नाही. धडे घेतलेल्यांचा फायदा मात्र वर्षानंतरही टिकला. आणि तुमच्या-माझ्या कामाचं म्हणजे, सहा धडे अधिक व्यायाम एवढ्यावर जवळजवळ चोवीस धड्यांइतका गुण आला. थोडा हात, थोडं शिकणं आणि रोजचं चालणं, एवढ्यात काम भागलं.

आता घरी कसं करायचं ते सांगतो.

सतरंजी जमिनीवर अंथरा. मऊ गादीवर नको, ती दाबाबरोबर खाली जाते. जेवण होऊन दोन तास झालेले असू द्या. तेल घरात असेल ते चालेल, तिळाचं किंवा खोबरेल. महागाच्या बाटलीने पाठ जास्त सरळ होत नाही. तेल कोमट करा आणि चोळणाऱ्याने आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. मधुमेह असलेल्या अनेकांना पायाला चटका कळत नाही. त्यांच्या बाबतीत हे विसरू नका. शेकायच्या पिशवीचंही तसंच.

पालथं झोपा. चोळणाऱ्याने कण्याच्या हाडावर दाबायचं नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून, तळहाताने, कमरेपासून खांद्याकडे जायचं. कणीक मळताना लागतो तेवढा जोर पुरे. बरगड्या संपतात आणि कंबर सुरू होते, तिथे बुक्के मारायचे नाहीत. मधून मधून विचारायचं, ‘बरं वाटतंय का?’ गोड दुखणं चालेल. श्वास अडकेल, पायाची बोटं आखडतील असं दुखणं नको. ‘कळ आल्याशिवाय गुण येत नाही’ ही समजूत सोडा. कळ आली की स्नायू उलट आणखी आवळतात. आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते वेगळंच.

दहा मिनिटं झाली, की चोळणं थांबवा. इथून पुढचा भाग लोक करत नाहीत. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

चोळणाऱ्याचा हात आता दाबायचा नाही. नुसता ठेवायचा. दाखवायला.

उताणे व्हा. गुडघे वर, तळपाय जमिनीवर. कमरेखाली जी पोकळी राहते, तिथे मदत करणाऱ्याने तळहात सपाट सरकवायचा. तुम्ही श्वास सोडत सोडत कंबर त्या हाताकडे न्या. हात चिरडायचा नाही. त्याला किंचित दाब कळला, बास. मग श्वास घेत सोडून द्या. असं सात-आठ वेळा. पहिल्या दोन वेळा तुम्ही पाय रेटाल, मान ताणाल, पोट फुगवाल. हात सांगेल, कंबर हललीच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती हलते. आपल्याला कंबर नुसती दुखवता येते असं नाही, हलवताही येते, हे कित्येकांना त्याच क्षणी पहिल्यांदा कळतं.

ते जमलं की तिथूनच कुल्ले हळूहळू उचला. कमरेपासून एक-एक मणका सोडवल्यासारखं वर, आणि तसंच खाली. सेतुबंधासन म्हणा किंवा काहीही म्हणू नका. पाच वेळा पुरे. श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब असेल तर मुळीच नाही.

मग हात-गुडघ्यांवर या, लहान पोराला घोडा होऊन पाठीवर बसवतो तसे. मदत करणाऱ्याने खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे तळहात ठेवायचा. तुम्ही तो हात छताकडे उचला. पाठ गोल होईल. मग सावकाश सोडा. आता हात माकडहाडाच्या जरा वर. तिथूनही तसंच. पाठीचा कोणता तुकडा हलतोय आणि कोणता नुसता बसून आहे, ते हाताला लगेच कळतं. बहुतेकांची कंबर एकटी राबते आणि पाठीचा वरचा भाग आयता बसून खातो. हात त्या आळशी भागावर ठेवा. गुडघे टेकवत नसतील, तर हेच खुर्चीत बसून, हात मांड्यांवर ठेवून करा.

शेवटी उभे राहा. भिंतीला पाठ. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. कुल्ले आणि पाठ टेकवा. डोकं टेकलं तर टेकवा. नाही टेकलं तर जबरदस्ती नको. म्हातारपणी पाठीला वाक आलेला असतो, तो भिंतीवर दाबून जाणार नाही. आता मदत करणाऱ्याने टाळूवर दोन बोटं अलगद ठेवायची. तुम्ही हनुवटी न उचलता त्या बोटांना वर ढकला. छाती पुढे काढू नका. परेडला उभं राहायचं नाहीये. नुसतं अर्धं बोट उंच व्हायचंय. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायकांची मान आठवा. मात्र हंड्याचं वजन आठवू नका, त्याने माना किती दुखतात ते त्यांना विचारा.

ते झालं, की चपला घाला आणि दहा मिनिटं चालून या. नाक्यापर्यंत. दूध आणायचं असेल तर आणा.

घरात दुसरं कोणी नसेल तरी अडत नाही. टेनिसचा चेंडू मोज्यात घाला, मोज्याचं टोक हातात धरा. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये चेंडू ठेवून हळूहळू हला. कण्याच्या हाडावर नाही, बाजूला. मानेसाठी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा, मांसल भाग मुठीत अलगद धरा आणि मान हळूच उजवीकडे-डावीकडे वळवा. मग दुसरी बाजू. कमरेखाली ठेवायला स्वतःचाच हात चालतो. तळपायाखाली पाण्याची भरलेली बाटली घेऊन लाटण्यासारखी फिरवा. दिवसभर उभं राहणाऱ्या दुकानदारांना आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांना याने फार बरं वाटतं.

लक्ष द्या, असं मी सारखं म्हणतोय. लक्ष कुठे द्यायचं? तीनच ठिकाणी. श्वास अडलाय का? जबडा आवळलाय का? भार एकाच पायावर किंवा एकाच बाजूला आहे का? प्रत्येक हालचालीच्या मधे हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. काही अडलेलं सापडलं, की सोडून द्या आणि पुढे जा. मन शांत करायची खटपट वेगळी नको. ते या तीन प्रश्नांत गुंतून आपोआप शांत होतं. म्हणून व्यायामाच्या वेळी मालिका नको, बातम्या तर नकोतच.

हाताने जागा दाखवून शिकवायचं हे काम पुण्यात फार बारकाईने झालेलं आहे. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि आयुष्यभर इथेच शिकवत राहिले. २०१४ साली ते गेले. त्यांच्या पद्धतीत शिक्षक हाताने जागा दाखवतो आणि जिथे शरीर पोचत नाही तिथे पट्टा, लाकडी ठोकळा, लोड किंवा भिंतीतली दोरी पुढे करतो. म्हातारा माणूसही त्रिकोणासन करू शकतो, हात ठोकळ्यावर टेकवून. तुमच्या गावात या पद्धतीचा शिक्षक असेल तर जरूर जा. नसेल तर घरातला लोड, पाट आणि जुन्या साडीचा पट्टाही कामाला येतो. एक मात्र बघा. शिक्षक अंगावर बसून, ओढून, ढकलून आसन ‘पूर्ण’ करायला लागला, तर थांबवा. हाताने जागा दाखवणं वेगळं आणि शरीर ओढून वाकवणं वेगळं.

किती वेळा करायचं? मालिश आठवड्यातून एकदा पुरे. हालचाल रोज, दहा-पंधरा मिनिटं. काही आठवड्यांनी मालिशीची गरज कमी व्हायला हवी. ती वाढत चालली असेल, दर दोन दिवसांनी कोणाकडे तरी पाठ न्यावी लागत असेल, तर काहीतरी चुकतंय. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

बाहेर कोणाकडे जाणार असाल तर आधी भौतिकोपचार तज्ज्ञाचा विचार करा, म्हणजे आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो तो. महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी आहे का, असं विचारायला लाजू नका. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. तिथे रांग लागते, पण काम होतं. मालिश केंद्रात जाणार असाल तरी हरकत नाही. दहा बैठकांचे पैसे आधी भरू नका. पहिल्या दिवशी शेवटी एक प्रश्न विचारा, ‘मी घरी काय करू?’ याचं नीट उत्तर देणारा माणूस धरून ठेवा. ‘तुम्ही काही करू नका, फक्त येत राहा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

बायका-मुलींना आणखी एक सांगणं. कुठे हात लावणार, कोणते कपडे काढावे लागतील, हे आधी विचारा. सोबत कोणाला तरी न्या. नको वाटलं तर ‘थांबा’ म्हणा आणि उठा. त्याला कारण द्यावं लागत नाही.

आता नको त्या गोष्टी.

केस कापून झाले की काही ठिकाणी मान कडाकड मोडून देतात. हलकं वाटतं खरं. पण मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्याने त्यांचा आतला पदर फाटू शकतो, तिथे रक्त गोठू शकतं आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं. पण होतं ते हिंडत्या-फिरत्या, तरुण माणसालाही होतं. डोक्याला चंपी खुशाल करून घ्या. मानेला हात लागला की ‘राहू दे’ म्हणा. मान मोडून घेतल्यावर मान किंवा डोकं अचानक फार दुखू लागलं, चक्कर आली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर आडवं होऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

पोरांना पाठीवर चालायला लावू नका. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या बाबतीत तर नाहीच. हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाही. उसण भरली की गावाकडे पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेतात. नुसता पाय लावला तर काही बिघडत नाही. उसण तशीही चार-सहा दिवसांत उतरते आणि श्रेय पायाळूला जातं. लाथ मात्र कोणाचीच खाऊ नका.

कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तर सांगितला तेवढे दिवस वापरा. पुढे सवयीने वर्षभर बांधून ठेवू नका. पट्टा काम करायला लागला की स्नायू सुट्टीवर जातात.

काही दुखणी अशी आहेत, की तिथे तेलाची बाटली उघडायचीच नाही, डॉक्टरांना गाठायचं. छातीत दुखून कळ डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जातेय. एकच पोटरी सुजलीय, गरम आणि लाल झालीय. पडल्यावर पाठ दुखायला लागलीय. पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे. पूर्वी कर्करोग होऊन गेलाय. पायातली ताकद कमी होतेय. आणि छातीतल्या कळेइतकंच घाईचं म्हणजे, मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय. या दोन्हींत जराही वाट बघू नका. गरोदर बाई, बाळंतीण, विशेषतः पोटावर टाके असलेली, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली माणसं, यांनी मालिशीआधी डॉक्टरांना विचारायचं. बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईला सिझेरियन झाल्याचं स्पष्ट सांगा. पोटाला हात लावू नको, असंही सांगा.

मुलांकडेही एकदा बघा. शाळकरी मुलाला पाठमोरं उभं करून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा. कणा वाकडा वाढत असेल तर तो तेलाने सरळ होत नाही आणि वय वाढीचं असतं, वेळ घालवून चालत नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असं सरकारी धोरणही सांगतं. आणि येता-जाता ‘सरळ बस’ म्हणून पाठीत धपाटा घालू नका. तो हात त्याला काही शिकवत नाही. त्याच हाताची दोन बोटं टाळूवर ठेवलीत तर पोरगं हसत हसत उंच होतं.

तसं पाहिलं तर एकच एक ‘बरोबर’ बैठक असते, हेही फारसं खरं नाही. ताठ बसून दोन तास काढलेत तरी पाठ धरणारच. डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते पुढे झुकवून तासन् तास ठेवलं, की मानेला ते तोलावं लागतं. म्हणून बैठक मोडत राहा. मांडी घातलीत, मग पाय लांब करा, मग उठा. टीव्हीवर जाहिरात लागली की उभे राहा. फोन आला की चालत बोला.

ओट्याशी उभ्या असाल तर पायाशी एक पाट ठेवा. एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. ओटा कोपरापेक्षा चार-सहा बोटं खाली असला की बरं. तो बदलता येत नसेल तर निदान भाजी चिरायचं काम खाली किंवा टेबलाशी बसून करा. कांदा लावणीला, भातलावणीला दिवसभर ओणवं राहावं लागतं. तिथे बांधावर आलात की उभे राहून हात कमरेवर ठेवा आणि दोन-तीन वेळा सावकाश मागे झुका. शिलाई मशीन, रिक्षा, कॉम्प्युटर, कशावरही बसत असलात तरी हेच. दर अर्ध्या तासाने एकदा. उलट दिशेला.

शेवटचं सांगतो, ते चोळणाऱ्यासाठी. अंगठ्याने दाबत राहिलात तर महिन्यात तुमचाच अंगठा धरेल. तळहात वापरा, कोपर सरळ ठेवा, अंगाचं वजन टाका. वाकून चोळू नका, शेजारी गुडघे टेकून बसा. घरात हे काम बहुधा एकीकडेच असतं. सासूबाईंचे पाय, नवऱ्याची कंबर, पोराची पोटरी, सगळं तिच्याकडे. तिची पाठ कधी दुखते ते विचारायचंही सुचत नाही कोणाला. येत्या रविवारी सतरंजी अंथराल तेव्हा पहिला नंबर तिचा लावा. चोळायला नवरा बसू दे किंवा मोठं पोर. हात कसा ठेवायचा ते वर लिहिलंय. नीट नाही जमलं तर तीच सांगेल.